मुक्यांचे मत

माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत घरात राजकारणाचा विषय निघाला, की ते आधी उठून खिडकी लावून घेत, असे आई सांगे. मार्च १९७७ मध्ये ते मत देऊन आले, तेव्हा तिने विचारले, "कुणाला दिलंत?" ते म्हणाले, "चहा टाक."

त्या निवडणुकीचा निकाल आठवला, की मला वाटते, घरोघर लोक असेच "चहा टाक" म्हणत होते आणि दिल्लीने तो होकार मानला!

वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, विरोधक तुरुंगात होते. उत्तरेत सक्तीच्या नसबंदीने सरकार थेट माणसाच्या संसारात शिरले होते. ते छापायची सोय नव्हती. मग राज्यकर्त्यांना तरी कळावे कसे? दुसऱ्याचे तोंड बांधणारा आपल्याच कानांत बोळे घालून बसतो. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या. पण असे आवाज थोडे.

मतपेटीला मात्र सेन्सॉर नव्हता. उत्तर प्रदेशातल्या ८५ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. रायबरेलीत खुद्द इंदिराबाई हरल्या. उलट दक्षिणेत, जिथे नसबंदीचा वरवंटा तसा फिरला नव्हता, तिथे आंध्रात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसच्याच. तेव्हा याला नुसती 'लाट' म्हणून कसे भागेल? ज्याच्या घरात सरकार शिरले, तो बोलला.

मराठीच्या मास्तराला याचा एक परिणाम विशेष आवडतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या कारणांतून 'अंतर्गत अशांतता' हे मोघम शब्द गेले आणि तिथे सशस्त्र बंडाची अट आली. मोघम शब्दांत केवढा तुरुंग मावतो!

पुढे जनता पक्षाची मंडळी आपसांत भांडली. १९७९ मध्ये मोरारजींचे सरकार पडले आणि १९८० मध्ये त्याच मतदारांनी इंदिराबाईंना ३५३ जागा देऊन परत आणले. कौल कुणाला कायमचा आंदण मिळत नाही, हेच खरे.

वडिलांनी कुणाला मत दिले, ते आईला अखेरपर्यंत कळले नाही. परवा फराळाचे तळता तळता माझी कॉलेजातली लेक सरकारवर तावातावाने बोलत होती; आवाज पार जिन्यापर्यंत जात होता. नकळत माझा हात खिडकीकडे गेला. मग वडील आठवले, आणि मी तो मागे घेतला.