बॅटरीची झीज : दोष सवयीचा की रचनेचा?

रात्री दिवे मालवण्यापूर्वी मोबाईल चार्जिंगला लावायचा आणि सकाळी पडद्यावरील शंभराचा आकडा पाहून दिवसाचा प्रारंभ करायचा, हा बहुसंख्य घरांचा आता नित्यक्रम होऊन बसला आहे. पूर्वी निजण्याआधी दाराची कडी आणि चुलीतला विस्तव पाहिला जाई. त्याच दक्षतेने आज भिंतीवरचे बटण चालू आहे की नाही, हे पाहिले जाते. या दक्षतेमागचा हेतू निर्दोष आहे. परंतु ज्या यंत्राच्या काळजीपोटी ती घेतली जाते, त्याच यंत्राच्या बॅटरीचे आयुष्य या क्रमाने थोडेथोडे घटत असते, हे फारच थोड्यांच्या लक्षात येते; आणि ज्यांच्या लक्षात येते, ते सारा दोष स्वतःच्या सवयीकडे घेऊन मोकळे होतात. वस्तुतः हा प्रश्न केवळ सवयीचा नाही.

मोबाईल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २०१६ साली ‘यूपीआय’ पद्धती सुरू झाल्यापासून भाजीच्या गाडीपासून औषधाच्या दुकानापर्यंतचे व्यवहार या यंत्रावर होऊ लागले. शिक्षकाला विद्यार्थ्यांची माहिती शासनाच्या संकेतस्थळावर भरायची असते. कारकुनाला बँकेचा परवलीचा आकडा यावरच यायचा असतो. विद्यार्थ्याला प्रवेशफेरीचा निकाल येथेच पाहायचा असतो. अशा स्थितीत दुपारी तीन वाजता मोबाईल मान टाकतो तेव्हा जे बंद पडते, ते केवळ करमणुकीचे साधन नव्हे. दोन-अडीच वर्षे वापरलेल्या मोबाईलची अशी अवस्था झाली, की दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो : ‘बॅटरी बदलत बसण्यापेक्षा नवाच घ्या.’ पडदा शाबूत, आवाज स्वच्छ, कॅमेरा ठीक. आणि एका घटकाच्या थकव्यापायी सबंध यंत्र निकालात! ज्या कुटुंबात मोबाईल हप्त्यांनी घेतला जातो, तेथे हप्ते फिटतात न फिटतात तोच पुन्हा नव्या कर्जाची तयारी करावी लागते.

जुन्या समजुतींचे ओझे

बॅटरीविषयीच्या समजुती पिढीजात वारशासारख्या चालत आल्या आहेत. नवा मोबाईल आणला की प्रथम आठ तास चार्जिंगला लावावा, पूर्ण संपल्याखेरीज पुन्हा लावू नये, अर्धवट चार्ज केल्यास बॅटरी ‘मरते’, हे नियम आजही मोठ्या विश्वासाने सांगितले जातात. ते निराधार नव्हते. निकेल-कॅडमियम जातीच्या बॅटऱ्यांना वारंवार अर्धवट वापरून पुन्हा भरल्यास आपली पुरी क्षमता जणू विसरण्याची खोड होती. त्या बॅटऱ्या वापरणाऱ्यांनी अनुभवातून काढलेला नियम त्या काळापुरता बरोबरच होता. पुढे बॅटरीची जात बदलली. नियम मात्र तसाच राहिला.

लिथियम-आयन बॅटरीचा पाया १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी घातला. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग सिद्ध केला आणि १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी तिला व्यवहारयोग्य रूप दिले. १९९१ साली सोनी कंपनीने ती बाजारात आणली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. या बॅटरीला विस्मरणाची ती खोड नाही. उलट, पूर्ण रिकामी करून पूर्ण भरण्याच्या ज्या व्रताचे पालन अनेक घरांत होते, ते व्रतच तिला जाचक ठरते.

झीज कशाने होते?

या बॅटरीचे कार्य तत्त्वतः सोपे आहे. चार्ज होताना लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून निघून दुसऱ्या ध्रुवावरील ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात; वापर होताना ते परत फिरतात. ही ये-जा निर्वेध चालली असती, तर बॅटरी अमर झाली असती. परंतु ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्या चार्जिंगपासूनच एक सूक्ष्म पापुद्रा तयार होतो. तो आवश्यकही असतो, कारण त्याच्याच आडोशाने आतील द्रावण टिकते. तथापि हा पापुद्रा कालांतराने जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम स्वतःत अडकवून ठेवतो. अडकलेले लिथियम पुन्हा कामी येत नाही. बॅटरीची क्षमता कमी झाली याचा मुख्य अर्थ हाच.

ही झीज वेगाने होण्यास दोन कारणे प्रामुख्याने जबाबदार असतात : उष्णता आणि उच्च विद्युतदाब. पूर्ण चार्ज झालेल्या घटाचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट, आणि अनेक नव्या मोबाईलमध्ये त्याहूनही थोडा अधिक असतो. रात्रभर चार्जिंगला लावल्याने बॅटरी ‘जादा भरते’ हा समज चुकीचा आहे. यंत्रातील नियंत्रक मंडल पुरवठा वेळीच थांबवते. हानी होते ती वेगळ्या कारणाने. मध्यरात्री शंभर टक्के झालेली बॅटरी पहाटेपर्यंत त्याच ताणलेल्या अवस्थेत ठेवली जाते. त्यात मोबाईल उशीखाली किंवा गादीवर असेल तर उष्णतेला बाहेर पडायलाही वाट राहत नाही. चार्जिंग चालू असतानाच खेळ किंवा चित्रपट लावणे हे याच कारणासाठी अहितकारक. पूर्ण रिकामा झालेला मोबाईल महिनोन् महिने कपाटात टाकून देणेही तितकेच वाईट. ठेवायचाच असेल तर तो निम्मा भरून ठेवावा.

यातून निघणारा व्यवहारी बोध साधा आहे. बॅटरी साधारणतः वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राहू द्यावी, दिवसातून दोनदा थोडेथोडे चार्ज करण्यास भिऊ नये आणि यंत्र तापू देऊ नये. अर्धी बॅटरी दोनदा भरली तर ते एकच आवर्तन मानले जाते; वारंवार चार्ज केल्याने आवर्तने ‘खर्ची पडतात’ ही भीती म्हणूनच व्यर्थ आहे. अनेक मोबाईलमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची किंवा उरलेला भाग पहाटे पूर्ण करण्याची सोय असते. ती शोधून चालू करणे हा पाच मिनिटांचा उद्योग आहे.

उपदेशाची मर्यादा

येथपर्यंत उपदेश ठीक. परंतु तो कोणाला पाळता येतो, याचाही विचार झाला पाहिजे. ज्याच्या टेबलाशेजारी दिवसभर बटण हाताशी आहे, त्या कार्यालयीन नोकराला ऐंशी टक्क्यांवर थांबणे परवडते. वसतिगृहाच्या एका खोलीत चौघांत एकच बटण असलेल्या विद्यार्थ्याने काय करावे? सकाळी निघून रात्री परतणाऱ्या, घरोघर सामान पोचवणाऱ्या तरुणाला वीस टक्के कमी घेऊन बाहेर पडणे म्हणजे अखेरच्या दोन फेऱ्यांवर पाणी सोडणे होय. वीज केव्हा जाईल याचा जेथे भरवसा नाही, तेथील माणूस ती असेपर्यंत मोबाईल काठोकाठ भरून घेणारच. त्याची सवय अज्ञानातून आलेली नाही. ती परिस्थितीने लावलेली आहे.

हवामानाचेही तसेच. ॲपलसारखी कंपनी आपला मोबाईल शून्य ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरावा असे सुचवते. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर दिवसेंदिवस राहतो आणि कित्येकदा ४५ ला टेकतो. अशा ठिकाणी ही सूचना पाळायची तर दोन महिने मोबाईल माठाशेजारी ठेवून घराबाहेर पडावे लागेल! मोटारसायकलच्या दांडीवर भर उन्हात नकाशा दाखवत बसलेल्या मोबाईलच्या बॅटरीने लवकर दम तोडला, तर त्याचे खापर मालकाच्या निष्काळजीपणावर फोडणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल.

म्हणूनच आयुष्याचा हिशेब उत्पादकाच्या दारात नेणे क्रमप्राप्त ठरते. पूर्ण आवर्तनांच्या संख्येवर बॅटरीचे आयुष्य मोजले जाते. पाचशे आवर्तनांनंतर ऐंशी टक्के क्षमता राहील असे एखादी कंपनी म्हणते, तेव्हा रोज एक आवर्तन धरल्यास ते आयुष्य दीड वर्षाहूनही कमी भरते. ॲपलने आयफोन १५ साठी हा आकडा एक हजारावर नेला, म्हणजे सुमारे पावणेतीन वर्षांवर. अधिक टिकाऊ बॅटरी शक्य आहे, हेच यावरून सिद्ध होते. मग ती केवळ महागड्या यंत्रांतच का असावी?

कबुली आणि कायदा

उत्पादकांच्या सदिच्छेवर हा प्रश्न सोडून चालत नाही, हे २०१७ च्या अनुभवाने दाखवून दिले आहे. जुन्या बॅटऱ्यांच्या आयफोनची गती आज्ञावलीतील बदलाने कमी केली जात होती, ही गोष्ट ॲपलने त्या वर्षीच्या डिसेंबरात मान्य केली. यंत्र अचानक बंद पडू नये हा त्यामागचा हेतू होता, असे कंपनीचे म्हणणे होते; आणि तांत्रिकदृष्ट्या ते अगदीच खोटे नव्हते. प्रश्न होता तो ग्राहकाला अंधारात ठेवण्याचा. मोबाईल मंदावला म्हणून लोक नवा घेत होते; केवळ बॅटरी बदलल्याने तोच मोबाईल पूर्ववत झाला असता, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढे कंपनीने अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. २०२० साली फ्रान्समध्ये तिला अडीच कोटी युरोचा दंड झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील दाव्यात, दोष मान्य न करता, ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाईची तडजोड तिने स्वीकारली.

युरोपीय संघाने यापुढचे पाऊल टाकले. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाईलच्या बॅटरीने किमान ८०० आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, असा नियम लागू झाला. विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवण्याचे बंधन त्यात आहे. भारतात २०२२ मध्ये बॅटरी-कचरा व्यवस्थापनाचे नियम आले, त्याच वर्षाच्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू झाले, आणि दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी २०२४ मध्ये समिती नेमली गेली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे आणि निर्देशांक म्हणजे सक्ती नव्हे. कचरा झाल्यानंतर त्याची विल्हेवाट कोणी लावायची हे ठरले. तो कचरा उशिरा व्हावा यासाठी काय करायचे, हा मूळ प्रश्न उरतोच.

उत्पादकांचा युक्तिवादही ऐकून घेतला पाहिजे. मोबाईल पातळ हवा, पाण्याने बिघडू नये, अशी ग्राहकाचीच मागणी असते. त्यासाठी बॅटरी आत चिकटवून यंत्र बंद करावे लागते, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी हलक्या प्रतीची बॅटरी फुगण्याचा व पेट घेण्याचा धोका खरा आहे; भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. १६०४६ हे मानक त्यासाठीच आहे. पण या युक्तिवादाला युरोपच्या नियमांतच उत्तर आहे. बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता यावी. तसे करायचे नसेल, तर धूळ-पाण्यापासून संरक्षण देऊन एक हजार आवर्तनांनंतरही ८० टक्के क्षमता टिकवून दाखवावी, असा पर्याय तेथे ठेवला आहे. यंत्र बंद ठेवायचे असेल तर ठेवा, पण मग ते टिकवण्याची हमीही द्या, असा हा रोखठोक न्याय आहे. आणि बनावट बॅटरीला आळा घालण्याचा खात्रीचा मार्ग एकच : अस्सल बॅटरी वाजवी दरात, तालुक्याच्या गावापर्यंत उपलब्ध करणे.

सायकलचा टायर झिजला म्हणून कोणी सायकल भंगारात घालत नाही. घड्याळाचा सेल संपला म्हणून घड्याळ फेकत नाही. झिजणे हा काही वस्तूंचा धर्मच असतो. झिजणारा भाग बदलता येणे हा रचनेचा धर्म असला पाहिजे. एकेकाळी नखाने मोबाईलचे मागचे झाकण उघडून बॅटरी बदलता येत होती. तेव्हाच्या ग्राहकाला या विषयावर उपदेशाची गरज पडली नाही.

चांगल्या सवयी अवश्य लावून घ्याव्यात. उशीखालचा मोबाईल काढून टेबलावर ठेवावा, ऐंशी टक्क्यांची मर्यादा घालावी, उन्हात ठेवू नये. त्याने काही महिने, कदाचित वर्षही, पदरात पडेल. परंतु टक्केवारी पाहत दिवस काढण्यासाठी कोणी मोबाईल घेत नाही. खरेदीच्या वेळी कॅमेऱ्याच्या भिंगांची संख्या विचारणाऱ्या ग्राहकाने यापुढे आणखी दोन प्रश्न विचारावेत : ही बॅटरी किती आवर्तने टिकेल, आणि ती बदलून देण्याचा दर काय? या दोन आकड्यांची छपाई प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत सक्तीची करण्यास शासनाला फार मोठा खर्च येणार नाही. सवयी सुधारण्याचे काम ग्राहकाने करावे. त्या सुधारलेल्या सवयींचे फळ त्याला मिळेल अशी रचना करणे मात्र उत्पादकाचे आणि कायद्याचे काम आहे.