हजेरीपट पुन्हा वाचताना

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. १९९३ साली, म्हणजे हिजरी १४१३ मध्ये, रमजान फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झाला होता. यंदाचा, हिजरी १४४७ चा रमजानही फेब्रुवारी-मार्चमध्येच आला आहे. त्या वर्षी गुढीपाडवा आणि ईद एकाच अमावास्येनंतर, एक-दोन दिवसांच्या अंतराने आले होते. यंदाही तसेच येत आहेत. ज्यांनी १९९३ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली, त्यांच्या आयुष्याभोवती रमजानने एक पूर्ण फेरी मारली आहे. ती मुले-मुली आता पन्नाशीला टेकली.

बीड, अंबाजोगाई, माजलगाव, केज, गेवराई, आष्टी, कुठेही जा, या पिढीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. नावात शाळा आणि साल असते. दोन-चार वर्षांतून एकदा स्नेहमेळावा होतो. जुन्या बाकांवर पोटे सांभाळत बसायचे, सरांनी कापऱ्या आवाजात हजेरी घ्यायची, सगळ्यांनी ‘हजर सर’ म्हणायचे, मग शाल-श्रीफळ, जेवण आणि फोटो. कुणी त्याला पोरखेळ म्हणेल. पण ज्या जिल्ह्यात माणसे एकमेकांकडे आडनाव तपासून बघू लागली आहेत, तिथे पन्नाशीच्या माणसांनी एकत्र येऊन पोरखेळ केला तर तो हवाच आहे.

या ग्रुपवर रमजान लागला की ठरलेल्या आठवणी निघतात. रोजा असलेल्या पोराला वर्गात विचारले जाणारे प्रश्न ठरलेले. “थुंकी गिळली तर मोडतो का रे?” “पाणी बी नाही? लेका, मग हापशावर तोंड तरी धू.” मधल्या सुट्टीत कुणी मुद्दाम त्याच्यासमोर चिंचा-बोरे खायचा आणि त्याच बाकावरचा दुसरा कुणी आपला डबा घेऊन गुपचूप व्हरांड्यात जायचा. खेळाच्या तासाला सर त्याला लिंबाच्या सावलीत बसवायचे आणि त्या सावलीसाठी आणखी चार जणांना एकाएकी रोजा असायचा. परीक्षेच्या दिवसांत सहेरीसाठी उठणाऱ्या मोहल्ल्याचा उपयोग इतरांनाही होता. शेजारच्या दोस्ताला पहाटे चारला अभ्यासाला उठवायचे काम रोजेदाराकडे. घड्याळाचा गजर बंद करता येतो, पत्र्यावर पडणारा खडा बंद करता येत नाही.

१९९३ च्या त्या मार्चबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आठवणींच्या गप्पांत ती सहसा निघत नाही. सहा डिसेंबरला जेमतेम तीन महिने झाले होते. मुंबईतल्या दंगली जानेवारीत झाल्या, बॉम्बस्फोट तर ऐन परीक्षेच्या महिन्यात, १२ मार्चला. घरातली मोठी माणसे रेडिओचा आवाज बारीक करून बातम्या ऐकत होती. पोरांना पेपरला पाठवायचे की नाही, यावर कुठे कुठे कुजबुज होत होती. ज्यांना ती कुजबुज आठवते आणि ज्यांना आठवतच नाही, असे दोघेही आज त्याच ग्रुपवर आहेत. आठवण सगळ्यांची सारखी नसते. पुढे सप्टेंबरच्या ३० तारखेला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा बीडकरही घराबाहेर पळाले आणि ती रात्र मात्र सगळ्यांनाच आठवते.

शाळेचा हजेरीपट ही चीज नीट पाहण्यासारखी असते. नावे आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लागली की शिंदे, शेख, शेळके एकापाठोपाठ येतात. पठाण आणि पवार जवळ, मुंडे आणि मोमीन जवळ, सय्यद आणि सानप जवळ. बोर्डाचा बैठक क्रमांकही असाच लागला की परीक्षेच्या हॉलमध्ये पुढे-मागे हेच. एकमेकांच्या पेपरात डोकावण्याची सोय वर्णमालेनेच करून दिली होती म्हणा ना. किती दोस्त्या केवळ या क्रमामुळे जुळल्या, याची गणती नाही. आडनाव तेव्हा माणसे जवळ बसवायचे. हाक मात्र आडनावाने नसायचीच. गोट्या, पप्या, बारक्या. यातला कोण कोणाच्या घरचा, हे दिवाळीचा फराळ किंवा ईदचा शीरखुर्मा खायला गेल्यावर कळायचे आणि पातेले रिकामे होईपर्यंत विसरायलाही व्हायचे.

त्याच जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला पोलीस अधीक्षक नवनीत कांवत यांनी ठरवले, की पोलिसांच्या नावपट्टीवर आडनाव नको, नुसते नाव असावे. साहेबांची जात पाहून न्याय मिळेल की नाही याचा अंदाज लोक बांधतात, म्हणून हा उपाय. त्याआधी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस माजलगाव आणि बीडमध्ये जाळपोळ झाली होती. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्यानंतरच्या महिन्यांत मराठा आणि वंजारी समाजांतली दरी घराघरांत बोलली जाऊ लागली. नावपट्टी बदलून मन बदलत नाही, हे अधीक्षकांनाही ठाऊक असेल. तरी पाऊल योग्यच होते. वर्गातल्या पोरांनी गोट्या-पप्या म्हणून जे फुकटात साधले होते, ते सरकारी आदेशाने साधावे लागले, एवढेच.

अशा दिवसांत वर्गमित्रांचे ग्रुप काय करतात? बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक होते. एक तर कुणीतरी कुठून तरी आलेला विखारी मजकूर पुढे ढकलतो, दोघे उत्तर देतात, तिघे ग्रुप सोडतात. नाहीतर ॲडमिन नियम करतो, धर्म आणि राजकारण बंद, फक्त सुप्रभात आणि वाढदिवस. दुसरा मार्ग शहाणपणाचा वाटतो, पण त्यातली शांतता कामाची नसते. ३० मार्च २०२५ ला, ईदच्या आदल्या पहाटे, गेवराई तालुक्यातील अर्धामसला गावात मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडवला गेला. सुदैवाने कुणी जखमी झाले नाही आणि पोलिसांनी दोघांना लगेच पकडले. त्या सकाळी ज्या ग्रुपवर नेहमीप्रमाणे फुलांचे चित्र पडले आणि दुसरे काहीच पडले नाही, तिथल्या शेख-सय्यदांना ती गप्पगार सकाळ चांगली लक्षात राहिली असणार. आणि जिथे जुन्या बाकावरच्या कुणी ग्रुपवर काही न लिहिता सरळ फोन लावून “घरी सगळे बरे आहेत ना रे? मी येऊ का?” असे विचारले असेल, तिथे ती विचारपूसही राहिली असणार. हे उलट बाजूनेही तितकेच लागू आहे. २०२३ मध्ये घरे जळाली, तेव्हा किती मुस्लिम वर्गमित्रांनी असा फोन लावला, हे ज्याने त्याने आपल्या मोबाइलला विचारावे.

ही मिसळ काही १९९३ ची नाही. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. माध्यमिक शिक्षण बहुतांशी उर्दूतून, कचेरीचे कागद उर्दूत. मराठी मुलांवर ते लादलेले होते आणि त्याविरुद्धचा राग खराच होता. अंबाजोगाईचे तेव्हाचे सरकारी नाव मोमिनाबाद. १९३० च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ तिथल्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले आणि पुढे संस्थानातल्या मुक्तिसंग्रामाचे नेते. तरीही, लादलेली भाषासुद्धा माणसे आपली करतात. मराठवाड्यातले किती तरी देशपांडे-कुलकर्णी आणि पाटील म्हातारपणापर्यंत उर्दू वर्तमानपत्र वाचत. जमिनीचा जुना कागद निघाला की तो वाचायला मशिदीतल्या मौलवींकडे जायची त्यांना गरज नव्हती, उलट शेजारचा मुस्लिम शेतकरीच आपला कागद त्यांच्याकडे घेऊन यायचा. ती पिढी गेली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. मराठा समाजाच्या हक्काचा पुरावा उर्दूत लिहिलेला, आणि तो वाचायला कुणी हवे. कुणाच्या आजोबांचा वर्गमित्र कोण होता, हे त्या पिवळ्या कागदांना पाठ आहे.

आता हजेरीपटाकडे परत. स्नेहमेळाव्यात सर हजेरी घेतात, तेव्हा काही नावांनंतर कुणीच ‘हजर’ म्हणत नाही. जे वारले त्यांच्यासाठी दोन मिनिटे शांतता पाळली जाते. पण जे जिवंत आहेत आणि आले नाहीत, त्यांचे काय? मेळाव्याचा फोटो पाहिला तर त्यात पुण्यात नोकरी करणारे, शिक्षक, दुकानदार, कंत्राटदार, एखादा डॉक्टर दिसतात. बीडच्या कुठल्याही वर्गात आणखी दोन प्रकारची मुले होती. एक, ज्यांच्या नावापुढे दिवाळीनंतर महिनोन् महिने गैरहजेरी पडायची. आई-बाप मुकादमाची उचल घेऊन कारखान्याला गेलेले, पोर बरोबर. तिकडे कोपीत धाकटे भावंड सांभाळायचे, वाढ्यांच्या मोळ्या बांधायच्या आणि पाडव्याच्या सुमारास परत यायचे, तोवर अभ्यासक्रम संपलेला. असे दोन-तीन हंगाम झाले की नाव पटावरूनच जायचे. त्यातल्या अनेकांच्या हातात पुढे स्वतःचा कोयता आला. आजही जिल्ह्यातून काही लाख माणसे दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुलांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली, २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. तीस वर्षांपूर्वीच्या पोरांना यातले काही मिळाले नव्हते.

दुसऱ्या मुली. दहावीआधीच किंवा निकालाच्या आतच ज्यांची लग्ने झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्येसुद्धा, बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांत चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. १९९३ ला काय असेल, याचा अंदाज करावा. यात कुणी एका समाजाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. मोहल्ल्यात “पोरगी शिकून काय करणार” म्हणणारे होते आणि तांड्या-वस्तीवर “कोयता पूर्ण होईल” म्हणून लग्न लावणारेही होते. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बीडच्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकाही कधी कुणाच्या तरी वर्गात तिसऱ्या बाकावर बसत होत्या. मुलींचे नाव लग्नानंतर बदलते, गाव बदलते, मोबाइल नवऱ्याच्या नावावर असतो. त्यांना ग्रुपवर शोधून आणणे कष्टाचे आहे, म्हणून ते होत नाही.

जुन्या आठवणींचा गोडवा नको असे कोण म्हणेल? पण बोरांची आणि छडीची आठवण सांगणारा जेव्हा ‘आपण सगळे सारखेच होतो’ म्हणतो, तेव्हा ते अर्धे खरे असते. जात-धर्माने बाक वेगळे नव्हते, हे बऱ्याच शाळांपुरते खरे. पण कोण शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकणार, हे घरातल्या परिस्थितीने पहिलीतच ठरवलेले असायचे. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीची प्रतिज्ञा सगळ्यांनी एका सुरात म्हटली. ती मूळ तेलुगूत, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या सरकारी नोकराने १९६२ मध्ये लिहिली होती. तिच्यात बांधवांची जी गोष्ट आहे ती हात पुढे करून म्हणायची असते. हात खाली आल्यावर काय, हा प्रश्न वर्गाबाहेरचा.

रमजानमध्ये काही ग्रुप इफ्तार ठेवतात. पुढाऱ्यांच्या इफ्तारपेक्षा हे केव्हाही चांगले. तिथे टोपी घालून फोटो काढायची घाई नसते, खजूर आणि कलिंगड पुरते. त्याच ग्रुपवर शाळेला रंग द्यायला, ध्वनिक्षेपक घ्यायला वर्गणी निघते. रमजानच्या हिशोबात जकातीचे नियम ठरलेले आहेत, पण सदका कुणालाही देता येतो, त्याला धर्माची अट नाही. ध्वनिक्षेपकाऐवजी न आलेल्या एखाद्या वर्गमित्राच्या मुलीची दहावीनंतरची फी भरली, तर शाळेच्या भिंतीला रंग एक वर्ष उशिरा लागेल. लागू द्यावा.

आणि एक अगदी साधी गोष्ट. हे स्नेहमेळावे बहुधा दिवाळीच्या सुट्टीत होतात, कारण पुण्या-मुंबईच्या मंडळींना तेव्हा गावी यायला सोपे जाते. नेमके त्याच दिवसांत गावातले ट्रॅक्टर टोळ्या भरून कारखान्याकडे निघालेले असतात. म्हणजे तारीख ठरतानाच निम्मा वर्ग गैरहजर. मेळावा मे महिन्यात ठेवला तर टोळ्या परतलेल्या असतात, लग्नसराईसाठी आणि सुट्टीसाठी मुली माहेरी आलेल्या असतात. ऊन कडक असते, हे खरे. पण शाळेच्या आवारातला लिंब अजून उभा असेल, तर सावली पुष्कळ आहे. पुण्याहून येणाऱ्यांनी तेवढी एक रजा टाकावी आणि यादी करायला बसलेल्यांनी ग्रुपवरची नावे न घेता शाळेत जाऊन आठवीचा जुना पट मागावा.