उबवणी यंत्र घेण्याआधी वैशाखाचा विचार करा

गावरान पिल्लांना गिऱ्हाईक आहे, भांडवल थोडे लागते, घरच्या स्त्रियाही हे काम पाहू शकतात. त्यामुळे लहान उबवणी यंत्र घेऊन हा जोडधंदा करावा, असे कळमेश्वर-मोहपा भागातील आपल्या बऱ्याच बांधवांच्या मनात येते. विचार चांगला आहे. परंतु यंत्र आणले की पिल्ले निघतीलच, ही समजूत आम्हाला धोक्याची वाटते.

यंत्राचे मुख्य काम ऊब देणे. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस साधारण 37.5 अंश सेल्सिअस ऊब लागते. ती कमी पडली तर यंत्र भरून काढते. पण वैशाखात खोलीच 42 अंशांवर गेली तर दिवा बंद करण्यापलीकडे ते काही करू शकत नाही. त्यातच दोन आठवड्यांनंतर अंड्यातील जीव स्वतःही उष्णता सोडू लागतो. दुपारी वीज गेली, पंखा थांबला, की सगळी खेप वाया! आमचे स्पष्ट मत आहे की पत्र्याच्या खोलीत एप्रिलपासून चांगला पाऊस पडेपर्यंत यंत्र बंदच ठेवावे.

दुसरे नुकसान अंडी जमवतानाच होते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. फलित अंडे पंचवीस-तीस अंशांत पडून राहिले तर जीव अर्धवट वाढू लागतो व मरतो. दुकानात आठ दिवस पडलेली अंडी यंत्रात घालायची आणि दोष यंत्र विकणाऱ्याला द्यायचा, हा न्याय नव्हे. दहा माद्यांमागे एक कोंबडा असलेल्या ओळखीच्या कळपाची अंडी घ्या, ती सात दिवसांच्या आतलीच असू द्या. रुंद टोक वर करून गार जागी ठेवा, धुऊ नका. अठराव्या दिवसापर्यंत रोज निदान तीनदा फिरवा. मग फिरवणे थांबवून ओलावा वाढवा. शेवटी झाकण उघडून पाहण्याची हौस मात्र आवरा, ओलावा निघून गेला की पिल्लू कवचातच अडकते.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्च धरली की रिकामी अंडी ओळखू येतात. ती आमलेटच्या गाडीवर किंवा बेकरीत ताजी म्हणून खपवण्याचा मोह होतो. आठवडाभर उबेत राहिलेले अंडे ताजे म्हणून विकणे ही उघड फसवणूक आहे. धान्याच्या ढिगात आत ओले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला रसूलुल्लाह (स.) यांनी काय विचारले, हे मोमीनपुऱ्यातील प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे.

रोगाचीही गोष्ट आहेच. 2006 साली नवापूरचा कुक्कुट व्यवसाय बर्ड फ्लूने झोपला आणि मार्च 2024 मध्ये नागपूरच्या शासकीय कुक्कुट केंद्रातही तो आढळला. दहा घरची अंडी एकत्र करू नका. पिल्ले विकण्यापूर्वी राणीखेतची पहिली लस द्या, तिचा खर्च भावात धरा. शंभर अंड्यांतून नव्वद पिल्ले निघतील, असा हिशेब मांडून कर्ज काढू नका. नवख्याने साठच धरावीत. पहिली खेप ऑगस्टमध्ये लावा, आणि तीही तीस अंड्यांचीच.