चटणीच्या वाटीत महागाईचा हिशेब
नारळाच्या भावातील चढउतारांची किंमत शेतकरी आणि गृहिणी दोघांनाही मोजावी लागत आहे

इडली-डोशाचे पीठ आदल्या रात्री आंबवून ठेवता येते. सांबारही कालचे चालून जाते. नारळाची चटणी मात्र रोज सकाळी ताजीच वाटावी लागते. ओले खोबरे आंबायला वेळ लागत नाही आणि उन्हाळ्यात तर दुपारपर्यंतच चटणीची चव पालटते. त्यामुळे दक्षिणेकडील घरांत नारळाची खरेदी ही सणासुदीची किंवा महिन्याच्या वाणसामानाची बाब नसते. भाजीप्रमाणे तीही अखंड चालू असते. भाव उतरतील तेव्हा घेऊ, असे म्हणण्याची सोय तिथे नाही.

तमिळ घरातील 'तेंगाय चटणी' असो वा कन्नड घरातील 'कायी चटणी', कृती थोड्याफार फरकाने सारखीच आहे. खवलेला ओला नारळ, मूठभर डाळे, हिरवी मिरची, आल्याचा लहान तुकडा, मीठ आणि आंबटपणासाठी चिंचेचे बोटूक किंवा चमचाभर दही हे सारे जाडसर वाटायचे. वर मोहरी, उडदाची डाळ, सुकी मिरची, कढीपत्ता आणि हिंग यांची फोडणी द्यायची. केरळात ही फोडणी खोबरेल तेलाची असते, तर तमिळनाडूत अनेक घरी तिळाच्या तेलाची. एरवी इडलीच्या थाळीत ही चटणी गृहीतच धरलेली असते. उपाहारगृहात ती फुकट मिळते आणि पुन्हा मागितली तरी कोणी हिशेब ठेवत नाही. मात्र २०२५ मध्ये हा हिशेब ठेवण्याची वेळ आली.

देशात स्वस्ताई, केरळात महागाई

केरळात नारळ किलोवर विकला जातो. २०२४ च्या पूर्वार्धात तिशीच्या घरात असलेला सोललेल्या नारळाचा किलोचा दर २०२५ च्या मध्यास साठ रुपयांच्या वर गेला. खोबरेल तेलाने लिटरला चारशेचा टप्पा मागे टाकला आणि काही ठिकाणी ते पाचशेच्याही पुढे पोहोचले. ओणमच्या तोंडावर केरळ सरकारला 'सप्लायको'च्या दुकानांतून सवलतीच्या दराने खोबरेल तेल विकावे लागले. बंगळूर आणि चेन्नईतील उपाहारगृहांनी चटणीबाबत हात आखडता घेतल्याच्या बातम्याही याच काळातल्या.

आकडेवारीतही हे चित्र उमटले. ऑगस्ट २०२५ मध्ये देशाचा किरकोळ महागाईचा दर २.०७ टक्के होता, तर केरळचा ९.०४ टक्के. देशभर भाजीपाला आणि डाळी उतरल्याने सर्वसामान्यांना दिलासा मिळाल्याचे सांगितले जात असताना एका राज्यात महागाई चौपटीहून अधिक होती. सोन्यासारखी इतर कारणेही यामागे होती. पण नारळ आणि खोबरेल तेल यांचा त्यातील वाटा मोठा होता. ज्या घरात न्याहारीची चटणी, दुपारचे अवियल आणि रात्रीच्या भाजीवर पेरायचे खोबरे एकाच फळातून येते, त्या घराला देशाच्या सरासरीचा काय उपयोग?

साधा हिशेब करून पाहता येईल. चार माणसांच्या कुटुंबाला चटणीसाठी दररोज अर्धा नारळ धरला, तर महिन्याला पंधरा नारळ होतात. नारळ पंचवीस रुपयांवरून पन्नासवर गेला की केवळ चटणीचा खर्च पावणेचारशेवरून साडेसातशे रुपयांवर जातो. भाजी, आमटी आणि तेल यांचा खर्च वेगळाच. पगार मात्र तेवढाच राहतो.

झाडाचा हिशेब लांबचा

हे भाव एकाएकी वाढलेले नाहीत. माडाला फुलोरा आल्यापासून नारळ पक्व होण्यास सुमारे बारा महिने लागतात. त्यामुळे एका वर्षाच्या उष्म्याचा फटका पुढील वर्षीच्या बाजारात दिसतो. २०२४ च्या कडक उन्हाळ्याने फळगळ वाढवली आणि त्याचा परिणाम २०२५ मध्ये जाणवला.

रोगराईची कहाणी त्याहून जुनी आहे. केरळात मूळकुजीसदृश 'रूट विल्ट' रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाण मांडून आहे. अलीकडच्या वर्षांत तो तमिळनाडूच्या पोल्लाची भागातही पसरला आणि शेतकऱ्यांवर माड तोडण्याची वेळ आली. याच पोल्लाची परिसरात २०१६ मध्ये चक्राकार पांढऱ्या माशीचा प्रादुर्भाव प्रथम नोंदला गेला. ही माशी झावळ्यांचा रस शोषते. तिच्या चिकट स्रावावर काजळी धरते आणि झाडाची वाढ खुंटते.

पाडेली मिळत नाहीत, ही अडचण कोकणातल्या बागायतदारांनाही परिचित आहे. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुणांना यंत्राच्या साह्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम सुरू केला, तो याच टंचाईमुळे. काढणी वेळेवर झाली नाही की झाडाची निगाही राहत नाही. शिवाय शहाळ्याची मागणी वाढल्याने बरेच नारळ पक्व होण्यापूर्वीच उतरवले जातात. कर्नाटकातील मद्दूरच्या बाजारातून शहाळी देशभर जातात. शेतकऱ्याला हाती लवकर पैसा मिळतो. पण खवणीपर्यंत येणारा नारळ तितकाच कमी होतो.

बाहेरून माल आणून ही तूट भरून काढणेही सोपे नव्हते. इंडोनेशिया आणि फिलिपीन्स या भारताबरोबरच्या सर्वांत मोठ्या उत्पादक देशांतही त्या काळात टंचाई होती. फिलिपीन्समध्ये तर ऑक्टोबर २०२४ पासून डिझेलमध्ये खोबरेलापासून बनवलेल्या इंधनाचे प्रमाण दोनवरून तीन टक्के करण्यात आले.

तिपटूरचा धडा

शेतकऱ्याचे भले झाले असेल, तर ग्राहकाने दोन पैसे जास्त मोजण्यास हरकत नसावी, असा युक्तिवाद केला जातो. तो तपासण्यासाठी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील तिपटूरच्या बाजाराकडे पाहावे लागते. गोटा खोबऱ्याची ही देशातील प्रमुख पेठ आहे. २०२३ मध्ये गोटा खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला ११,७५० रुपये असताना येथील बाजारभाव नऊ हजारांच्याही खाली घसरला होता. शेतकरी रस्त्यावर उतरले, 'नाफेड'मार्फत खरेदीची मागणी झाली. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांत, २०२५ च्या मध्यास, याच पेठेत भाव वीस हजारांच्या वर गेला. त्या हंगामाचा हमीभाव होता १२,१०० रुपये.

भाव पडले तेव्हा ज्याने खत-पाणी तोडले, रोगट झाडांकडे दुर्लक्ष केले, त्याच्या झाडावर भाव चढले तेव्हा नारळच नव्हते. भाव दुप्पट आणि उत्पन्न निम्मे, तर हाती येणारी रक्कम तेवढीच. ज्याच्याकडे साठवलेले गोटा खोबरे होते किंवा ज्याची बाग रोगापासून वाचली, त्याला लाभ झाला. पाच-पंचवीस झाडांचा मालक आणि चटणी वाटणारी गृहिणी यांचे दुःख अशा रीतीने एकाच ठिकाणी येऊन मिळते. मंदीत एकाने झाडाची निगा सोडली आणि तेजीत दुसरीच्या वाटीतला नारळ कमी झाला.

हमीभावाच्या रचनेतही मूळ अडचण आहे. सरकारी खरेदी प्रामुख्याने सुक्या खोबऱ्याची होते. केंद्राने २०२६ च्या हंगामासाठी तेलाच्या खोबऱ्याला १२,०२७, तर गोटा खोबऱ्याला १२,५०० रुपये भाव जाहीर केला. खोबरे सुकवण्यासाठी जागा, वेळ आणि भांडवल लागते. ओला नारळ झाडाखालीच व्यापाऱ्याला देणारा लहान शेतकरी या छत्राबाहेर राहतो. चटणीसाठी लागतो तो नेमका हाच ओला नारळ.

मुंबईचाही संबंध

हा प्रश्न केवळ दक्षिणेचा नाही. कोकणात माड असले तरी मुंबईची गरज तेवढ्यावर भागत नाही. वाशीच्या घाऊक बाजारात येणारा बहुतांश नारळ तमिळनाडू, कर्नाटक, केरळ आणि आंध्र प्रदेशातूनच येतो. पोल्लाचीत माशी पडली की माटुंग्यातल्या इडलीबरोबरच गिरगावातल्या सोलकढीचा भावही वाढतो.

फेब्रुवारी २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जुनी व अनुत्पादक झाडे काढून नवी रोपे लावण्यासाठी नारळ प्रोत्साहन योजनेची घोषणा झाली. दिशा योग्य आहे. पण उंच जातीचा माड फळाला येण्यास पाच ते सात वर्षे लागतात आणि संकरित जातीलाही तीन-चार वर्षे थांबावे लागते. जुने झाड तोडल्यापासून नवे फळ येईपर्यंत शेतकऱ्याने काय खावे, याचे उत्तर योजनेत नसेल, तर तो रोगट झाडही तोडणार नाही. आंतरपिकांना साह्य आणि त्या वर्षांचे अनुदान यांवरच योजनेचे यश अवलंबून राहील. ओल्या नारळाची खरेदी सहकारी संस्थांमार्फत व्हावी, ही जुनी मागणीही त्याबरोबरच विचारात घ्यावी लागेल.

तोवर घरोघरी तडजोड चालूच राहणार. नारळ अर्ध्यावरून पाववर येतो आणि डाळे दुप्पट होते. अशी चटणी घट्ट आणि पिठूळ लागते, हे मुलांच्याही लक्षात येते. काही घरे आठवड्यातून तीन दिवस शेंगदाण्याच्या किंवा टोमॅटो-कांद्याच्या चटणीकडे वळली. आंध्रात शेंगदाण्याची चटणी पूर्वापार आवडीने खाल्ली जाते, त्यामुळे तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण आवडीने केलेली चटणी आणि परवडत नाही म्हणून केलेली चटणी यांत फरक असतो. महागाईच्या तक्त्यात तो नोंदला जात नाही. सकाळी सातला मिक्सरच्या भांड्यात नारळ किती घालायचा, हे ठरवणाऱ्या गृहिणीला मात्र तो रोज कळतो.