बेसवाला पुढे आला

जॅझमध्ये चौघांच्या ताफ्याला ‘क्वार्टेट’ म्हणतात. मराठीत चौकडी म्हणावे, तर आपल्याला आधी चांडाळचौकडीच आठवायची. तेव्हा क्वार्टेटच बरे. पियानो, सॅक्सोफोन, ड्रम्स आणि पुरुषभर उंचीचा, उभ्याने वाजवायचा डबल बेस. यातला बेसवाला सहसा मागे असतो. आपल्याकडच्या तानपुऱ्यासारखे त्याचे असते. वाजतो तोवर कुणाचे लक्ष नसते, थांबला की मैफल उघडी पडते.

फेब्रुवारी १९५८. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, ग्रीनव्हिलच्या ईस्ट कॅरोलिना कॉलेजात पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांचा कार्यक्रम होता. सॅक्सोफोनवर पॉल डेस्मंड, ड्रम्सवर जो मोरेलो आणि बेसवर ताफ्यात नुकतेच आलेले यूजीन राइट. तिघे गोरे, राइट कृष्णवर्णीय. ऐनवेळी कॉलेजने कळवले, की राइट यांना मंचावर येता येणार नाही. मग आम्हीही येत नाही, असे ब्रूबेक यांनी सांगून टाकले. विद्यार्थी खोळंबले. कॉलेजच्या अध्यक्षांनी थेट राज्याच्या गव्हर्नरांना फोन लावला. गंमत म्हणा की शरमेची गोष्ट, पण हाच ताफा थोड्याच दिवसांत अमेरिकी सरकारच्या वतीने परदेश दौऱ्यावर निघायचा होता!

अखेर परवानगी मिळाली, ती एका अटीवर. राइट यांनी मागेच राहायचे.

ब्रूबेक यांनी वाद घातला नाही. राइट यांना अटीबद्दल काही न बोलता एवढेच सांगितले, की तुमचा माईक बिघडला आहे, एकट्याने वाजवायची पाळी आली की पुढे या आणि माझ्या निवेदनाच्या माईकवर वाजवा. राइट पुढे आले. डबल बेस घेऊन माणूस पुढे उभा राहिला, की तो थोडाच लपतो? विद्यार्थ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले.

ब्रूबेक यांचा हा हट्ट जुना होता. त्यांचे वडील कॅलिफोर्नियात गुरे राखणारे. त्यांनी एकदा छोट्या डेव्हला आपल्या एका कृष्णवर्णीय स्नेह्याकडे नेले आणि त्याला शर्ट उघडायला सांगितले. छातीवर डागणी होती, गुरांना देतात तशी. म्हातारपणी एका माहितीपटात ही आठवण सांगताना ब्रूबेक यांना रडू आवरले नाही.

त्या १९५८ च्या दौऱ्यात हा ताफा भारतातही आला. मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खान यांच्यासोबत ब्रूबेक वाजवायला बसले. इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेल्या नऊ मात्रांच्या ठेक्यावरून पुढे त्यांनी ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ रचले. १९५९ च्या त्याच ‘टाइम आउट’ तबकडीत डेस्मंड यांचे, पाच मात्रांचे ‘टेक फाइव्ह’ आहे. झपतालाला सरावलेल्या आपल्या कानांना पाचाचे नवल वाटायचे नाही, पण चार मोजण्याची सवय असलेल्या जॅझला ते नवलच होते. ते जरूर ऐका. मोरेलो एकट्याने ड्रम्स वाजवत असतात आणि ताफ्याचे नायक ब्रूबेक पियानोवर तेच सूर पुन्हा पुन्हा धरून बसलेले असतात, तबल्याच्या मैफलीत पेटीवाला लेहरा धरतो ना, अगदी तसे.

१९६० साली दक्षिणेकडच्या २५ कॉलेजांचा दौरा ठरला. त्यातल्या विसाहून अधिक कॉलेजांना गोरा बेसवाला हवा होता. तो मिळणे अवघड नव्हते. ब्रूबेक यांनी त्या कॉलेजांवर आणि मिळणाऱ्या हजारो डॉलर्सवर पाणी सोडले.

हे क्वार्टेट १९६७ पर्यंत टिकले. डेस्मंड १९७७ मध्ये गेले, मोरेलो २०११ मध्ये. ब्रूबेक २०१२ च्या डिसेंबरात, ९२ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. मागे उरले ते राइट. तेही २०२० च्या डिसेंबरात, वयाच्या ९७ व्या वर्षी गेले.