गोळीतले औषध कोणत्या काट्यावर तोलावे?

कापडवाला गज लावतो, सराफ कसोटीवर सोने घासतो, किराणा दुकानदार पोते काट्यावर चढवतो. मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या आमच्या बांधवांना मात्र ही सोय नाही. पट्टीवर 'पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ.' असे छापलेले असते, त्या भरवशावर ते माल पुढे देतात. गोळी काट्यावर ठेवूनही उपयोग नाही. तिच्यात स्टार्चसारखे इतर पदार्थ असतात, त्यामुळे सारख्या वजनाच्या दोन गोळ्यांत औषध कमीजास्त असू शकते.

हा काटा प्रयोगशाळेत असतो. त्याला लिक्विड क्रोमॅटोग्राफी म्हणतात. साधारणपणे २० गोळ्या तोलून त्यांची पूड करतात. तिचा ठराविक भाग द्रवात विरघळवून गाळतात आणि त्यातला थेंबाहून कमी अंश पंपाच्या मोठ्या दाबाने एका बारीक नळीतून पाठवतात. नळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण ठासून भरलेले असतात. प्रत्येक पदार्थ त्यांना कमीजास्त धरून राहतो, म्हणून निरनिराळ्या वेळी बाहेर पडतो. अतिनील प्रकाशाने त्याची नोंद होऊन कागदावर शिखर उमटते. शुद्धता ठाऊक असलेल्या नमुन्याच्या शिखराशी ते ताडून पाहिले की औषध किती ते कळते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकाच गोळीत असले तरी दोघांचा हिशेब वेगळा लागतो.

भारतीय औषधकोशाप्रमाणे पॅरासिटामॉलच्या गोळीत छापील प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के औषध हवे, म्हणजे ५०० च्या गोळीत ४७५ ते ५२५ मि.ग्रॅ. औषध कमी भरले तर दिवसभर यंत्रमागापाशी उभा राहून कंबर धरलेला कारागीर एकाऐवजी दोन गोळ्या घेऊ लागतो. पुढे पुऱ्या ताकदीची गोळी मिळाली तरी सवय दोनचीच राहते. प्रौढ माणसाने दिवसात ४ ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घेतले तर यकृताला धोका असतो.

तपासणी हे सरकारचे काम, आपण कशाला खर्च करावा, असे काही बांधव म्हणतील. निरीक्षक नमुने नेतात हे खरे. पण १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे कलम २६ कोणाही खरेदीदाराला ठरावीक फी भरून औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देण्याचा हक्क देते. एकट्या दुकानदाराला हा खर्च जड जाईल. पण एका बाजारातल्या दहा दुकानदारांनी वर्गणी काढून ज्या मालाची शंका येते तो तपासून घेतला तर कोणावरच भार पडणार नाही.

दुसरी गोष्ट बिलाची. माल परवानाधारकाकडून घेतला, वाजवी खबरदारी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता आणि माल नीट, जसाच्या तसा ठेवला, एवढे सिद्ध करणाऱ्या विक्रेत्याला त्याच कायद्याचे कलम १९ संरक्षण देते. बॅच नंबर असलेले बिल नसेल तर हे सिद्ध करणार कशाने? बिनबिलाच्या स्वस्त मालात चार पैसे सुटतात, पण नमुना नापास झाला की परवाना आणि पत दोन्ही पणाला लागतात.

आमचे सांगणे इतकेच की, बिलाशिवाय औषध घेऊ नका आणि शंका आली तर ती पट्टी गिऱ्हाइकाच्या हाती न देता तपासणीला पाठवा. गिऱ्हाईक गोळी पारखू शकत नाही, ते दुकानदाराला पारखून येते.