चेहरा आजोबांचा, पाय नातवाचे!

आपल्या हॉस्टेलमध्ये दोन वाद कधीच संपत नाहीत. एक मेसच्या आमटीचा आणि दुसरा गाड्यांचा. सध्या दुसऱ्या प्रकारातला एक वाद जोरात आहे. जुन्या पिकअप ट्रकची बॉडी उचलून नव्या चासीवर बसवली, तर ती गाडी 'खरी' राहते का? एक पार्टी म्हणते, हा अस्सल गाडीचा खून आहे. दुसरी म्हणते, "काय भारी जुगाड!" मला दोघांचंही पटत नाही. माझं मराठी म्हणजे इंग्रजी चासीवर चढवलेली मराठी बॉडी, तेव्हा भाषेकडे जरा कानाडोळा करा. पण मुद्दा ऐका.

हा छंद मुळात अमेरिकेतला. तिथली एक लाडकी जोडी म्हणजे शेवरोलेचा १९४७ ते १९५५ या काळातला गोलमटोल '३१००' पिकअप आणि त्याच कंपनीचा 'एस-१०', जो तिथे १९८२ पासून २००४ पर्यंतच्या मॉडेल्समध्ये विकला गेला. जुन्या ट्रकला पुढे सरळसोट बीम एक्सल, पुढे-मागे पाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. टू-व्हील ड्राइव्ह एस-१० ला पुढच्या दोन्ही चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक. त्यात ३१०० चा व्हीलबेस ११६ इंच आणि साध्या केबिनच्या, लांब हौद्याच्या एस-१० चा ११७.९ इंच. जवळजवळ जुळतंच की! मग काय, वरचं उचला, खालचं सरकवा, वेल्डिंग मारा आणि चला फिरायला.

घात होतो तो या 'जवळजवळ'पाशी. १.९ इंच म्हणजे सुमारे ४८ मिलिमीटर. एवढ्या फरकानेसुद्धा चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध बसत नाही. मग एक्सल सरकवायचा, नाहीतर चासी कापायची. केबिनचे जुने माउंटिंग पॉइंट्स नव्या फ्रेमवर नसतातच, ते नव्याने बनवावे लागतात. इथे सेकंड इयरची स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स आठवा. बेंडिंगमध्ये सगळ्यात जास्त स्ट्रेस वरच्या आणि खालच्या कडेला. म्हणजे फ्रेमच्या फ्लँजला वाटेल तिथे भोकं पाडली की आपणच तिची कंबर मोडतो. शिवाय लॅडर फ्रेम रस्त्यावर पिळवटते, म्हणून केबिन रबर बुशवर बसवतात. कुणी 'पक्कं काम' म्हणून केबिन थेट फ्रेमला वेल्ड केली, तर तडे जाणारच. पेपरात आपण हे सगळं लिहितो, मार्क्सही मिळतात. पण ग्राइंडर हातात आला की विसरतो!

आता अस्सलवाल्यांना माझं उत्तर. ३१०० मध्ये १९४९ पासून पेट्रोलची टाकी कुठे होती माहितीय? केबिनमध्येच, सीटच्या मागे! म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीशी पेट्रोल. स्टिअरिंगचा दांडा सरळ, कडक. धडकेत दबून आत जाणारा स्टिअरिंग कॉलम जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेल्समध्ये आणला, तो या ट्रकच्या किती नंतर. हे सगळं 'ओरिजिनल' म्हणून जपायचं असेल, तर गाडी म्युझियममध्ये ठेवा आणि खुशाल जपा. फ्रेम धड असेल आणि गाडी दुर्मिळ असेल, तर तिला हात लावू नये हेही मला मान्य. पण गंजलेल्या फ्रेमवरची गाडी आजच्या हायवेवर रोज चालवायची असेल, तर ब्रेकच्या बाबतीत हळवं होऊन चालत नाही. समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला तुमच्या आठवणींशी काय देणंघेणं?

जुगाडवाल्यांनीही लगेच खूष होऊ नये. चासी नवी आली म्हणून केबिन नवी होत नाही. डॅशबोर्ड तोच लोखंडी, सीट बेल्टसाठी भक्कम जागा मुळात नाहीच, ती मुद्दाम बनवावी लागते. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे नंबर. केबिनवर जुन्या ट्रकची पट्टी, फ्रेमवर एस-१० चा नंबर. मग गाडी कोणती? अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, पण ओळख-नंबर खोडणं किंवा बदलणं हा तिथे फेडरल गुन्हा आहे. पुढे ती गाडी विकत घेणाऱ्याला खाली काय आहे हे कळायलाच हवं. ते लपवलं तर ती शुद्ध फसवणूक झाली. वेल्डिंग कितीही सुबक असो.

आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत मनमानी बदल करता येणार नाहीत. म्हणून विंगमधल्या उत्साही मंडळींनी उद्याच गॅस कटर आणू नये, ही नम्र विनंती!

आणि बॉडी-चासीची ताटातूट आपल्याला नवी नाही. आपल्या एसटीनेच दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत जुन्या चासीवरची अॅल्युमिनियमची बॉडी उतरवून माइल्ड स्टीलची नवी बॉडी चढवलेली आहे. बरोबर उलटा प्रकार! तिथे चासीत दम होता, बॉडी बदलायला हवी होती. अमेरिकन छंदात बॉडी जिवाभावाची, खालचं कालबाह्य. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच, कोणत्या भागाचं आयुष्य संपलंय? त्याचं उत्तर टेप, गेज आणि तपासणीने द्यायचं. प्रेमाने नाही आणि जुगाडानेही नाही.

माझं मत इतकंच की चेहरा प्रेमाखातर ठेवावा. वजन, ब्रेक आणि नंबर यांचा हिशेब मात्र चोख असावा. दोन्ही एका गाडीत होत असेल, तर ती माझ्या दृष्टीने 'खरी'च.

जाता जाता आमच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. प्रोजेक्टच्या नावाखाली तयार मॉडेल विकत आणून वर बाइंडिंग केलेला रिपोर्ट जोडायचा, हे किती दिवस चालणार? त्यापेक्षा वर्कशॉपमध्ये भंगारातली एक लॅडर फ्रेम आणून टाका. आम्हाला तिचे कर्ण मोजू द्या, ती वाकडी आहे की सरळ ते शोधू द्या, क्रॅक कुठे आहेत ते बघू द्या. कापायची परवानगी आम्ही नंतर मागू. आधी मोजायला तरी शिकू!